शेवट सांगणार नाही

"पोट सैल सोड," आई म्हणाली आणि कढत पाण्यातून पिळून काढलेला टॉवेल तिने ओबियागेलीच्या पोटावर दाबला.

"आई गं! भाजतंय!"

"भाजू दे. तुझ्या वेळी माझ्या आईनं याहून कढत पाण्यानं शेकलं होतं. मेले का मी?"

मुलगी बाळंत झाली की आईने ओमुग्वोला, म्हणजे बाळ-बाळंतिणीचं करायला, तिच्या घरी येऊन राहायचं. तशी ती ओनित्शातलं कापडाचं दुकान बंद करून एनुगूला ओबीकडे आली होती. बाळाची आंघोळ, ओबीचा शेक, याम कंदाचं तिखट सार, सगळं तिच्याकडे. ओबीला काही करावं लागत नव्हतं, आणि तीही काही करायला मागत नव्हती.

टॉवेल पुन्हा बादलीत बुडवत आई म्हणाली, "काल तुझ्या बहिणीनं मला फोनवर तुझं ते वाचून दाखवलं."

"काय ते?"

"पुस्तकांवर लिहितेस ते. ब्लॉग. त्यात नवं पुस्तक आहे ना, बाळाला आंघोळ घालायला भिणाऱ्या बाईचं."

ओबीचं पोट आईच्या दुसऱ्या हाताखाली घट्ट झालं.

"सैल सोड म्हटलं ना."

"कादंबरी आहे ती, आई. मनानं रचलेली."

"एवढं कळतं मला. चर्चमधल्या बायका तुझं वाचून पुस्तकं विकत आणतात. मला म्हणतात, तुझ्या मुलीनं चांगलं म्हटलं की पुस्तक चांगलंच निघतं." आईने टॉवेल पिळून पुन्हा पोटावर ठेवला. "तर त्या बाईला वाटतं, पाण्यात आपल्या हातून मूल सुटेल. म्हणून ती त्याला हातच लावत नाही. कुणी दिलं, की म्हणते, मला झोप आलीय."

ओबी छताकडे बघत राहिली. बाळ घरी आल्यापासून तिला किती वेळा झोप आली होती, ते दोघींनाही ठाऊक होतं.

"पुढे काय होतं तिचं?" आईने विचारलं.

"ते सांगत नाहीत. वाचणाऱ्याची मजा जाते. खाली लिहिलंय ना मी, शेवट सांगणार नाही म्हणून."

"ते वाचकांना. मी काय तुझी वाचक आहे?"

ओबीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तिच्या हातून मूल वाचतं का?"

"टॉवेल गार झाला, आई."

"मूल वाचतं की नाही, ओबी?"

"मला माहीत नाही." ओबीचा आवाज फुटला. "ती मुलाला घेऊन पाण्याजवळ बसते ना, तिथेच मी पुस्तक मिटलं. पुढे वाचवेना. तेवढ्यावरच लिहून टाकलं."

आईने टॉवेल बादलीत टाकला. मग म्हणाली, "म्हणजे गठ्ठा न उलगडताच कापड चांगलं म्हणून विकलंस."

ओबीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. आईने तिला रडू दिलं. पोटावर फडकं घट्ट बांधलं, तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतःचे हात पुसले.

"कुठे आहे ते पुस्तक?"

"गादीखाली."

आईने गादी उचलून पुस्तक काढलं. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ कुरकुरलं. आईने त्याला उचललं. ओबी नेहमीसारखी बाजूला सरकली, आईला बसायला जागा केली. आईने बाळ तिच्याच मांडीवर ठेवलं.

"नको, आई. मला झोप..."

"नंतर झोप. दोन्ही हात लाव. हं, मानेखाली."

"मग पुस्तक कसं धरू?"

"मी धरते. तू वाच. माझं इंग्रजी तुला माहितीय, एकेका ओळीला अर्धी दुपार जाईल."

आई तिला चिकटून बसली. कोपरा दुमडलेलं पान शोधून तिने पुस्तक ओबीच्या डोळ्यांसमोर उघडं धरलं.

ओबी वाचू लागली. आधी अडखळत, मग सलग. बाळ तिच्या बोटांत वळवळलं. तिने बोटं घट्ट केली, वाचणं थांबवलं नाही. पानाच्या तळाशी ती बाई बाह्या वर सारत होती.

पान संपलं. ओबीचा एकही हात मोकळा नव्हता. आईने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.