उजव्या भिंगाची कडी

दुर्बीण डोळ्यांना लावताच खाडीतले रोहित पक्षी तिसऱ्यांदा धूसर दिसले. उजव्या भिंगाची कडी पुन्हा फिरली होती, बाबांच्या अधू डोळ्याला लागायची तितकीच.

"काका, हिला तुम्ही हात लावलात?"

"नाय गो. माझे हात वल्ह्यावर." होडीवाले काका हसले. "तुझा बापूस तरी कुनाला हात लावू द्यायचा?"

बाबा पावसाळ्यात गेले. त्यांची ही थंडीतली फेरी एकदा करायची आणि दुर्बीण पक्षीमित्र मंडळाला देऊन टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. तिनं कडी आपल्या डोळ्याला जुळवली, दुर्बीण बाबा बसायचे त्या फळीवर ठेवली, शाल सावरली. पुन्हा उचलली, तर पुन्हा धूसर.

या वेळी तिनं कडी फिरवली नाही. नजर सावकाश सरकवत नेली. पाणी धूसर, तिवरं धूसर, बांधही धूसर. बांधावरचा माणूस मात्र शर्टाच्या बटणांसकट स्वच्छ दिसत होता. दोन्ही मुठींची दुर्बीण करून तो पक्षी बघत होता.

"काका," दुर्बीण न हलवता ती म्हणाली, "होडी बांधाला लावा. दुर्बीण ज्यांची त्यांना द्यायचीय."