निरोगी वस्ती

"हळू घे ना जरा," ताई मागून ओरडली. "अण्णा आहेत इथं, खडी नाही!"

थोरल्याने आरशात पाहिलं. टेम्पोच्या हौद्यात गोधडीवर अण्णा आडवे होते आणि त्यांचं डोकं ताईच्या मांडीवर होतं. मांडी तरी कसली, पोट इतकं पुढं आलं होतं की तिलाच धड बसता येत नव्हतं. पण जागची हलेल तर शपथ.

"हळू घेतलं तर वेळेत पोचणार नाही," थोरला म्हणाला.

"आणि गचके बसून वाटेतच काही झालं म्हणजे?"

केबिनची मागची काच कधीच फुटली होती, त्यामुळं भावाबहिणीला भांडायची चांगली सोय होती. थोरल्याने वेग कमी केला आणि पुढच्या वळणावर परत वाढवला.

अण्णांची छाती शिट्टीसारखी वाजत होती. सगळं आयुष्य खडी क्रशरवर गेलं. वस्तीतल्या निम्म्या बाप्यांच्या छात्या अशाच वाजायच्या. अण्णांच्या मनगटावर कापूस आणि चिकटपट्टी होती, अंगठ्याला निळी शाई. ताई पदराने ती शाई पुसत होती. निघत नव्हती.

"राहू दे गं," अण्णा म्हणाले. "शेवटच्या आंघोळीत जाईल."

"तुम्ही गप्प बसा. दम पुरवून वापरा."

"पुरवतोय की. पोचेपर्यंतचा बाजूला काढून ठेवलाय."

थोरला खुदकन हसला. ताईचं डोकंच फिरलं.

"हसतोस काय दात काढून? बापलेकांनी सगळं ठरवलं, मला विचारलं का कोणी?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

चौकात गाड्या तुंबल्या होत्या. थोरल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. पोलीस तावातावाने आला, हौद्यात डोकावला आणि एकदम मऊ झाला.

"कोण?"

"वडील."

पोलिसाने शिट्टी मारून दोन ट्रक मागे रेटले आणि वाट करून दिली. "जा, सरळ जा!"

थोरल्याने टेम्पो डावीकडं वळवला.

"अरे, सरळ! सरळ!" पोलीस मागून ओरडला.

"इकडून जवळ पडतं!" थोरल्याने हात दाखवला.

इकडचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला अण्णा डोळे मिटायचे आणि ताई थोरल्याला एक शिवी हासडायची.

हा रस्ता तिला तोंडपाठ होता. वस्तीत डॉक्टर नाही, त्यामुळं कोणाचं काही बिनसलं की थोरल्याचा टेम्पो आणि शहरातला मोठा दवाखाना. आई याच हौद्यातून गेली आणि दवाखान्याच्या पायरीवर संपली. ताईचं पहिलं बाळही असंच. कळा घरी, बाळंतपण शहरात. उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत जगलं, बस.

आणि मागच्या महिन्यात आरोग्य खात्याचा साहेब आला होता. वस्तीने डॉक्टर मागितला म्हणून बैठक लावली होती. साहेबाने चष्मा पुसला आणि अभिनंदनच केलं.

"अहो, इतक्या वर्षांत तुमच्या वस्तीत एकही मृत्यू नाही! जिल्ह्यात एवढी निरोगी वस्ती दुसरी नाही. जिथं माणसं मरतात तिथं आधी डॉक्टर द्यायला नको का?"

"साहेब, आमची माणसं शहरात नेऊन मरतात," ताई उठून म्हणाली होती.

"मग ती शहरात मोजली जातात, बाई. श्वास थांबेल ती जागा. नियम आहे."

ताई एवढी भडकली की साहेबाचा चहा सांडला. अण्णा मात्र हसत सुटले होते. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. दुसऱ्या दिवसापासून ते अंथरुणाला खिळले.

"ताई," अण्णांनी आता हळूच हाक मारली. "कधीची तारीख गं तुझी?"

"आहे अजून अवकाश."

"या वेळी टेम्पोत नको जायला."

अण्णांची बोटं गार पडली होती. ताईने ती पदरात गुंडाळली, खसाखसा चोळली. छातीतली शिट्टी आता मधेच थांबायची, मग दचकल्यासारखी परत सुरू व्हायची.

ताईने केबिनवर थाप मारली.

"काय रे, बैलगाडी हाकतोयस का? दाब की!"

थोरल्याने आरशात बघितलं. ती रडत होती आणि डोळे वटारून त्याच्याकडं बघत होती.

"गचके बसतील."

"बसू दे. मी धरलंय."

त्याने दाबलं. पुढं कुत्रं आडवं आलं, कसंबसं वाचलं. नाल्यावरच्या पुलाचे पत्रे धडाधड वाजले.

"सिस्टर आल्यात ना?" अण्णांनी विचारलं.

"फोन केलाय. दारातच थांबल्यात."

"बरं. मग झालं."

टेम्पो थांबला. सिस्टर पळत आल्या आणि हौद्यावर चढल्या. अण्णांची नाडी धरली आणि सिस्टरचा चेहरा उतरला.

"अहो, यांना तर तिथं ऑक्सिजन लावला होता ना? असे दवाखान्यातून घरी का घेऊन आलात?"

थोरला खाली मान घालून उभा राहिला. ताईने अण्णांचं डोकं अलगद वर उचललं. समोर क्रशरचा धुरळा उडत होता, आणि त्याच्या अलीकडं त्यांचं स्वतःचं दार होतं. ते नीट बघून घेतल्यावर अण्णा सिस्टरकडं वळले. वस्तीतल्या जन्ममृत्यूची नोंद त्यांच्याच वहीत व्हायची.

"साहेबाला कळवा," ते म्हणाले. "वस्तीत एक मेला."