जाड कागदाचं कार्ड

"बापू, खरं नाही वाटणार तुम्हाला. कोणालाच नाही वाटणार!" चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात पाऊल टाकताच गौरांगने बढायांचा पतंग उडवायला घेतला. यंदाच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये त्याच्या सिनेमाला निर्माता मिळाला नाही, तर सोमवारी मुकाट्याने नोकरीचा अर्ज भरायचा, असं वडिलांनी बजावलं होतं.

"नाश्त्याच्या मंडपात ओळखी करायला उभा राहिलो, तर लोक तुटूनच पडले! मस्त जाड कागदावर छापलेली माझी दोनशे कार्डं अर्ध्या तासात साफ. मुंबईचे एक मोठे निर्माते तर कार्ड घेऊन गेले, परत येऊन दुसरं घेतलं, मग तिसरं! वरून म्हणाले, 'भैया, चीज़ मज़बूत है!'"

बापू विरघळले. टेबलावरचा कोरा अर्ज त्यांनी घडी घालून खिशात टाकला. गौरांगला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात, सोबत गेलेली धाकटी बहीण अवंती दारात चपला काढता काढता फिस्सकन हसली.



"काहून फेकून राहिला, दादा? स्टॉलवरचे चमचे संपले होते, म्हणून लोक तुझी कार्डं दुमडून पोहे खाऊन राहिले होते. त्या मुंबईवाल्यांनी तीन प्लेटा हाणल्या!"