वगळलेलं कलम

"थांबा, हे त्यांचं नाही," मोरेना म्हणाली.

नगरसेवक बोनफात्ती वाचता वाचता अडखळले. छातीवर इटलीचा तिरंगी पट्टा, हातात जुनी पुस्तिका. दर शनिवारी लग्नं लावायची सवय. त्याच ओघात त्यांनी एर्मेस आणि लोरिसलाही लग्नाचीच कलमं वाचून दाखवायला घेतली होती. 'परस्परांशी एकनिष्ठ राहणं' इथवर आले आणि नोंदणी कचेरीतल्या मोरेनाने त्यांना अडवलं. दोन पुरुषांचं लग्न लागत नाही, नागरी जोडीदारी होते. तिची कलमं वेगळी. त्यांत एकनिष्ठता संसदेने ठेवलेलीच नाही. आता पुन्हा पहिल्यापासून.

लोरिसने कपाळाला हात लावला. हिवाळाभर हेच चाललं होतं. ही खिडकी त्या खिडकीकडे पाठवी, ती परत हिच्याकडे. सोमवारी एर्मेसच्या हृदयाची शस्त्रक्रिया. आज सह्या झाल्या नाहीत, तर कायद्याच्या लेखी लोरिस त्याचा कोणीच नव्हे.

"म्हणजे इतकी वर्षं मी हे फुकटच पाळत आलो?" एर्मेस म्हणाला. मागच्या खुर्च्यांत हशा पिकला.

हसली नाही ती त्याची आई, नीवेस. दोन साक्षीदारांपैकी एक ती होती. तयार झाली तीच मुळी 'हे काही लग्न नव्हे' असं चारचौघांत बजावून, आणि म्हणूनच नगरपालिकेच्या दालनात येऊनही तिने अंगातला कोट काढला नव्हता. लोरिसला ती अजून भाडेकरू म्हणे. त्याच्याबद्दल तिची तक्रार एकच, पण रोजची. त्याची सायकल तिच्या अंगणातल्या भिंतीला टेकते आणि रंग खरवडून काढते.

बोनफात्तींनी नवी कलमं वाचली. एकमेकांना आधार देणं आलं, एकत्र राहणं आलं, घरखर्चाला हातभार लावणंही आलं. तो शब्द आला नाही. दोघांच्या सह्या झाल्या. मोरेनाने नोंदवही नीवेसपुढे सरकवली.

नीवेसने पेन खाली ठेवलं. तो शब्द का गाळला, म्हणून विचारलं.

मोरेनाने कंटाळत सांगितलं, हे लग्नाहून जरा कमी दिसावं म्हणून असेल. एर्मेसचा आता धीर सुटला. आईला लग्नाहून कमीच हवं होतं ना? मग घोडं अडलं कुठे?

"तो शब्द वाचा. मग सही करते."

"आई, सोमवारी माझी छाती उघडणार आहेत. आज तरी हट्ट नको."

नीवेस ढिम्म. शेवटी बोनफात्तींनीच निमूटपणे जुनी पुस्तिका उघडली आणि ती ओळ वाचून टाकली.

"वाचली खरी, पण ती नोंदीत येणार नाही, बाई," मोरेना म्हणाली. "तिला काही किंमत नाही."

नीवेसने सावकाश कोटाची बटणं सोडली. कोट लोरिसच्या हातात दिला आणि वहीवर सही केली.

"माझ्या लग्नात आली होती नोंदीत, पोरी. पाद्र्याने अगदी खणखणीत वाचली होती. पुढे आमच्या ह्यांची सायकल कुणाकुणाच्या दाराला टेकलेली असायची, ते अख्ख्या गावाला पाठ आहे. या भाडेकरूची तीस वर्षं रोज रात्री माझ्याच भिंतीला."