आधी तुम्ही

"तो आला, की मी उठून जाणार," अप्पासाहेब म्हणाले आणि खुर्चीत आणखी घट्ट बसले.

अंबिका हेडफोनची वायर सोडवत राहिली. अन्नपूर्णा भागात, साडीच्या दुकानाखालच्या तळघरात तिचा स्टुडिओ होता. पंचाहत्तरीनिमित्त अप्पासाहेब तिथे जुन्या मित्रांसोबत एकेक जोडगाणं रेकॉर्ड करत होते. द्वारकाबाई गाऊन गेल्या. संताजी दोनदा गाऊन गेले, कारण पहिल्यांदा त्यांना मधेच झोप लागली. आता फक्त दिनानाथ उरले होते.

आणि दिनानाथ संध्याकाळच्या गाडीने नागपूरला मुलाकडे चालले होते, कायमचे. आज झालं नाही तर हे दोघं पुन्हा एकत्र गाणार नव्हते. गुरुजींची भूप रागातली बंदिश आता या दोघांनाच येत होती. तीही त्यांच्यासोबतच जाणार होती.

भांडण मनगटाचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी कृष्णराव गुरुजींनी एकाच गुरुपौर्णिमेला दोघांच्या मनगटाला दोरा बांधून त्यांना शिष्य केलं. ज्याला आधी बांधला, तो मोठा. दिनानाथ म्हणायचे, आधी मला. अप्पासाहेब म्हणायचे, त्याच्या मनगटावर गुरुजी फक्त दोरा मापत होते. दोघंही गुरुजींना विचारायला गेले होते, वेगवेगळे. गुरुजी दोघांनाही म्हणाले, मोठा तूच, पण त्याला सांगू नकोस.

जोडीने गाताना रीत अशी, की मोठ्याने एक आवर्तन, म्हणजे तबल्याचा एक पूर्ण फेरा, गायचं. धाकट्याने पुढच्या फेऱ्यात तेच गाऊन उत्तर द्यायचं. मागच्या खेपेला दोघांनी एकदम सुरू केलं आणि कोणीच थांबेना. शेवटी तबलजी हात जोडून निघून गेला.

त्यात दोघांचे गळे इतके सारखे, की रेडिओवर एकाचं गाणं झालं की लोक पेढे घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचे. स्वतःचं रेकॉर्डिंग मात्र दोघंही ऐकत नसत. आपला आवाज असा नाहीच, मशीन खराब आहे, यावर त्यांचं एकमत होतं. एवढ्या एकाच गोष्टीवर होतं.

म्हणून या वेळी अंबिकाने तबला आधीच रेकॉर्ड करून ठेवला आणि दोघांसाठी दोन बंद खोल्या तयार केल्या. मधल्या काचेवर चादर टांगली. एकमेकांचं तोंड दिसायला नको, ही दोघांचीही अट होती.

जिन्यावर काठी वाजली. दिनानाथ सरळ पलीकडच्या खोलीत गेले. अंबिका त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. अप्पासाहेबांनी उठून चादरीच्या कडेला हात लावला आणि पावलं ऐकून पटकन जागेवर आले.

"आधी कोण?" अंबिका आत येताच त्यांनी विचारलं.

"आधी तुम्ही."

"आणि तो भांडला नाही?"

"अजिबात नाही. तुम्ही एक आवर्तन गा, मग एक आवर्तन चुप बसून ऐका. मधे बोलायचं नाही, चादर उचलायची नाही. तबला थांबेपर्यंत हेडफोन काढायचा नाही, अप्पासाहेब."

"त्याने उत्तरच दिलं नाही तर?"

"ऐकून तर बघा."

तबला सुरू झाला. अप्पासाहेबांनी पहिली ओळ घेतली, समेवर आणून सोडली आणि डोळे मिटले. आता पलीकडचं दार आपटणार, याची त्यांना खात्री होती.

दार आपटलं नाही. कानात उत्तर आलं. तीच ओळ, तीच वळणं.

त्यांनी पुढची ओळ घेतली. तीही परत आली. ते गाताना पलीकडून हूं की चूं नाही. अशी अदब दिनानाथने आयुष्यात कुणाला दाखवली नव्हती. अप्पासाहेबांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. हा भिया, हा गुरुभाऊ, इतका सीधा कधीपासून झाला? काहीतरी गडबड आहे.

शेवटी त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. भूपात निषाद, म्हणजे नी हा सूर, लावत नाहीत, हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. अप्पासाहेबांनी मुद्दाम लावला, चांगला लांब लावला. यावर तरी दिनानाथ हेडफोन फेकून ओरडणार. त्यांनी खुर्चीचे हात धरून ठेवले.

निषाद परत आला. तसाच लांब, थोडा थरथरतसुद्धा.

अप्पासाहेबांचे डोळे भरले. माझ्या शब्दाखातर चूकही गायला. पुढचं सगळं गाणं त्यांनी मान खाली घालून म्हटलं, आणि इतकं गोड त्यांनी कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं.

तबला थांबल्यावर ते अंबिकाच्या कानाशी आले. "मान गया तो. मुद्दाम निषाद टाकला मी, तोही उचलला त्याने. पण मी काही बोललो असं त्याला सांगू नको. आज चाललाय बिचारा."

ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात दिनानाथ काठी शोधत आले. "अंबिका, बात अपने तक," ते म्हणाले. "अप्पाने मान्य केलं. मी निषाद लावला, तोसुद्धा घेतला गं त्याने. जाऊ दे, त्याला छेडू नको."

बाहेरच्या पॅसेजमध्ये दोघं समोरासमोर आले. दोघांनी एकदमच आशीर्वादाला हात उचलला, हात हवेतच एकमेकांवर आपटले, आणि मग बराच वेळ कोणी कोणाला सोडेना. दिनानाथ म्हणाले, दिवाळीत येतो, अजून एक करू. वर जाऊन दोघांनी कचोरी मागवली. आधी तू खा, नाही आधी तू, असं मोठेपण जिन्यातून खालपर्यंत ऐकू येत होतं.

अंबिकाने दार लावून घेतलं. अप्पासाहेबांच्या हेडफोनमध्ये एक आवर्तन उशिराने सोडलेला अप्पासाहेबांचाच आवाज तिने बंद केला, दिनानाथांच्या हेडफोनमधला दिनानाथांचा बंद केला, आणि दोघांची गाणी पहिल्यांदाच एकत्र लावली.