चंद्रीसमोरचं जेवण

“चित्रानं पोट भरतं व्हय?” हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, आणि त्याच वाक्यावर माझ्या धाकट्या जावेचा चित्रकलेचा वर्ग बंद होणार होता. शेवटचा उपाय म्हणून तिनं आम्हा दोघींना नगरच्या कलासंग्रहालयात नेलं, तिथल्याच हॉटेलात जेवायला बसवलं. समोरच्या भिंतीवर तिच्या वर्गाची चित्रं लावली होती, त्यात तिनं काढलेली आमची शेळी होती. सासूबाई ताटात कण सोडत नाहीत; लग्नात दुसऱ्यांचीही ताटं तपासतात. आज मात्र हात भाकरीवरच थांबला. “चंद्रीच हाय की ही. फाटका कानबी सोडला न्हाई पोरीनं.” “आत्याबाई, भाकरी गार होतीय,” मी सासूबाईंना म्हणाले. “हू दे. नजर बघ तिची.” वेटरनं विचारलं, “आजी, आणखी काही?” “न्हाई बाबा. पोट भरलं.” भाकरी अख्खी होती. मग म्हणाल्या, “धाकटे, उद्या वर्गाला जाताना डबा ने.” मला चित्रातलं कळत नाही, मी त्यांची भाकरी उचलली.