कोब्यातले केस

मिस्त्रींनी पहिल्याच घमेल्यातल्या ओल्या मालातून चिमटीने एक केस उपसला. पांढरा, पेरभर लांबीचा. त्याच्यामागे दुसरा निघाला, मग तिसरा. चौथ्याला त्यांचा पारा चढला.

"कुणाला टक्कल पडतंय रे आज मिक्सरमध्ये?"

मिक्सरवरची माणसं फिदीफिदी हसली आणि सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणजे साइटच्या नव्या इंजिनिअर आणि मिस्त्रींची एकुलती एक लेक. घरात ती चिमी होती. साइटवर मात्र मिस्त्री तिला न चुकता "अहो मॅडम" म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला अजून उमगलेलं नव्हतं.

"केस नाहीत ते, बाबा. प्लास्टिकचे धागे आहेत, मीच घालायला सांगितलेत. माल सुकताना आकसतो ना, तेव्हा हे त्याला आतून धरून ठेवतात. मग भेगा पडत नाहीत."

"भेगा? माझ्या कोब्याला?" मिस्त्रींनी डोक्याचं फडकं काढून आपलं पिकलेलं डोकं पुढे केलं. "हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत, मॅडम! माझा कोबा या केसांवर टिकतो. तुमच्या त्या केसांवर नाही."

बढाई म्हणावी, तर तोंड उघडायला जागा नव्हती. पस्तीस वर्षांत मिस्त्रींच्या कोब्याला केसाएवढीही भेग कुणी पाहिली नव्हती. लोक म्हणत, यांच्या कामात भेग पडते ती फक्त यांच्या अंगठ्याला. उजवा अंगठा सिमेंटने खाऊन असा काही फाटला होता की रोज संध्याकाळी त्याला मलम लागायचं. चिमी लहान होती तेव्हा मलम लावायचं काम तिचं. फुंकर घालून लावायची.

गोदामाचं हे आवार म्हणजे मिस्त्रींचा शेवटचा कोबा. यानंतर ते थापी खाली ठेवणार होते. शेवटच्या कामात प्लास्टिक मिसळून आयुष्यभराच्या नावावर पाणी सोडायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना. लेक हट्टाला पेटलेली, बाप तिच्याहून हट्टी. शेवटी साइटच्या मोठ्या साहेबांनीच तोडगा काढला. फाटकापाशी ऊन आणि वारा सगळ्यात जास्त, तिथे दोन चौकोन घालायचे. एक केसांचा, एक बिनकेसांचा. सकाळी जो धड असेल, तसंच सगळं आवार.

दोन्ही चौकोन मिस्त्रींनीच घोटले आणि दोन्ही सारख्याच मायेने घोटले. दुसऱ्याचं काम नासवून जिंकणाऱ्यातले ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी साइटवर आले. तशी ही त्यांची जुनीच सवय. खिशात एक लहानशी डबी असायची, डबीत चाळलेलं सिमेंट. कोब्याला कुठे बारीकशी भेग दिसलीच, तर चार थेंब पाणी घालायचं, अंगठ्याने ती बुजवायची आणि माणसं येईपर्यंत आपण त्या गावचेच नाही असं बसायचं. पूर्वी कधीकधी चिमीही बरोबर असायची, पण ती रिकाम्या पोत्यांवर गाढ झोपलेली. त्यामुळे पस्तीस वर्षांची अब्रू त्या डबीत सुखरूप होती.

केसांचा चौकोन लख्ख होता. एक रेघ नाही. मिस्त्री दुसऱ्यापाशी उकिडवे बसले, त्यांनी डबी उघडली आणि ती तशीच हातात राहिली.

भेग पडली होती, चांगली हातभर. पण ती कुणीतरी आधीच बुजवली होती. ओल अजून गेलेली नव्हती. रेघेच्या टोकाला एक अंगठा उमटला होता, गवंड्याच्या अंगठ्याच्या निम्मा.

मिस्त्रींना एकदम भरून आलं. हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना.

तेवढ्यात साहेब आले. लांबूनच वाकून त्यांनी पाहिलं. "दोन्ही सारखेच की! मग ही केसांची कटकट हवी कशाला? मिस्त्री, तुमच्या पद्धतीने होऊ द्या."

"चालेल, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्या मागे उभ्या होत्या, उजवा हात पाठीशी लपवून. हरलेल्या माणसाच्या मानाने चेहरा फारच खुशीत होता.

मिस्त्रींना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की जिंकले. त्यांनी डोक्याचं फडकं काढलं, बादलीत बुचकळलं आणि चौकोनावरून दाबून फिरवलं. भेग उघडी पडली.

"केस घाला, साहेब," ते म्हणाले. "सगळ्या आवारात घाला."

साहेब गेले, मिक्सर घरघरू लागला. मिस्त्रींनी लेकीचा लपवलेला हात ओढून पुढे घेतला. अंगठा राखाडी झाला होता.

"हे कुठे शिकलीस, चिमे?"

"पोत्यांवर. तुम्हाला वाटायचं मी झोपलेय."

मिस्त्री ओशाळले. एवढी वर्षं पोरगी सगळं जाणून होती आणि कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती.

"मग हे धाग्यांचं खूळ कशाला काढलंस? बापाचं पितळ उघडं पाडायला?"

"छे हो." तिने त्यांचा फाटका अंगठा हातात घेतला आणि लहानपणीसारखी त्यावर फुंकर घातली. "मी इंजिनिअर कशाला झाले असं वाटतं तुम्हाला? हा बरा करायला, बाबा. जरा उशीरच झाला."